हॅम मंडळींचा सौर नोड कसा घडला

सौर पॅनल, पाणी न शिरणाऱ्या पेटीत बॅटरी आणि तिचं चार्जिंग सांभाळणारा चार्ज कंट्रोलर, वर खांबाला बांधलेला छोटा मायक्रोवेव्ह रेडिओ. अमेरिकेतले हॅम, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओ चालवणारे लोक, असा नोड (नेटवर्कचा एक सांधा) गाडीतून टेकडीवर नेतात आणि वीज, फोन, इंटरनेट यांपैकी काहीही नसताना नेटवर्क उभं करतात. यातला एकही मुख्य भाग मुळात हॅमसाठी बनलेला नव्हता.

रेडिओवरून संगणक जोडायचा प्रयोग हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या चमूने 1971 मध्ये अलोहानेटच्या रूपात यशस्वी केला. हौशी मंडळींनी 1978 मध्ये कॅनडातल्या माँट्रियलला पॅकेट रेडिओ, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे करून रेडिओवरून पाठवायची पद्धत, सुरू केला. पुढे अमेरिकेतल्या टक्सनच्या गटाने टीएनसीचे, म्हणजे संगणक रेडिओला जोडणाऱ्या उपकरणाचे, किट काढले आणि तो घरोघरी पोचला. वेग मात्र सहसा सेकंदाला 1200 बिट. निरोप जायचे, चित्रं पाठवायची तर वाट पाहत बसायचं.

कलाटणी मिळाली ती घरगुती वापराच्या एका राउटरमुळे. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी54जी 2002 च्या अखेरीस बाजारात आला. त्याचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, लिनक्स या खुल्या प्रणालीवर आधारलेलं असल्याचं लोकांच्या लक्षात आलं आणि लिनक्सच्या परवान्याच्या अटींमुळे 2003 मध्ये कंपनीला सोर्स कोड खुला करावा लागला. त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं खुलं सॉफ्टवेअर उभं राहिलं. पुढे टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या हॅमनी या राउटरसाठी एचएसएमएम-मेश हे फर्मवेअर तयार केलं. नोड चालू केला की तो शेजारचे नोड आपोआप शोधतो आणि एखादा बंद पडला, तर निरोप दुसऱ्या वाटेने वळवतो. शिवाय या राउटरची बरीच मॉडेल्स 12 व्होल्टवर चालत, म्हणजे गाडीची बॅटरीही पुरे.

कायद्याचीही मोठी मदत झाली. अमेरिकेत हॅमना 2390 ते 2450 मेगाहर्ट्झ वापरता येतात आणि वायफायचे पहिले सहा चॅनल त्यातच बसतात. परवानाधारकाला तिथे घरगुती वायफायपेक्षा जास्त शक्ती वापरता येते. वायफायच्या पहिल्या चॅनलच्याही खालच्या ज्या चॅनलला हॅम ‘ऋण दोन’ म्हणतात, त्याचा मध्य 2397 मेगाहर्ट्झवर आहे. तो अरुंद ठेवला की नेहमीच्या वायफायची गर्दी टळते. मोबदल्यात अट कडक आहे: अर्थ लपवण्यासाठी संदेश सांकेतिक करायचा नाही. मला ही अट योग्य वाटते, कारण हॅमची लहर सार्वजनिक आहे. पण रुग्णांची माहिती पाठवायची वेळ आली की ती खरोखर अडचणीची ठरते.

पुढे एचएसएमएम-मेशचंच नवं रूप असलेलं ब्रॉडबँड-हॅमनेट आलं, त्यातून वेगळा झालेला एआरईडीएन हा हॅम नेटवर्कचा प्रकल्प आला आणि घरगुती राउटरची जागा युबिक्विटी, मायक्रोटिक या कंपन्यांच्या बाहेर टांगायच्या रेडिओंनी घेतली. यांना वीज नेटवर्कच्याच तारेतून देता येते, त्यामुळे खांबावर एकच तार चढवावी लागते.

फिरत्या नोडचा खरा कस मात्र विजेत लागतो. निरोपासाठी चालू करून बंद करायच्या वॉकीटॉकीसारखं इथे चालत नाही, नोड रात्रंदिवस जागा लागतो. 6 वॅट खाणारा नोड दिवसाला 144 वॅट-तास घेतो. 12 व्होल्ट, 20 अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी कागदावर 240 वॅट-तास देते, पण आयुष्य टिकवायचं तर त्यातले निम्मेच वापरायचे. ढगाळ हवेचा एक दिवसही निघत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतली बहुतेक साठवण बिनधास्त वापरता येते आणि वजनही निम्म्याहून कमी. माझ्या मते नोड पाठीवर घेण्याजोगा झाला तो रेडिओपेक्षा या बॅटरीमुळे. हलक्या दर्जाच्या चार्ज कंट्रोलरचा गोंगाट लघुलहरींवर छळतो, गिगाहर्ट्झवर मात्र तो फारसा जाणवत नाही.

नोड लांबवर जोडायला सोयीचा असलेला 3.3 ते 3.5 गिगाहर्ट्झचा पट्टा मात्र हातातून निसटू लागला. मोबाइल सेवेसाठी जागा करताना अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने 2020 मध्ये तो हॅमकडून काढून घ्यायचा निर्णय घेतला. 3.45 च्या वरचा वापर एप्रिल 2022 मध्ये थांबला. तिथल्या जोडण्या मुख्यतः 5 गिगाहर्ट्झवर हलवाव्या लागल्या.