काळा पळस, पांढरं आभाळ : लँडस्केपच्या रंगांमागची जुनी गोष्ट

फाल्गुनात पळस फुलला की आपल्याकडे प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये तेच केशरी फोटो, आणि एखाद्यानं त्याचाच ब्लॅक अँड व्हाइट केला की लगेच विचारणा होते, अरे रंग का काढला? प्रश्न चुकीचा नाही. पण कलर ठेवायचा, काळापांढरा करायचा की तपकिरी-निळसर टोन द्यायचा, हे तीन रस्ते तीन वेगळ्या काळात, त्या-त्या वेळच्या सामानाच्या अडचणीतून निघालेत, आणि ते माहीत असलं की एडिटिंग अंदाजानं होत नाही असं माझं पक्कं मत आहे.

१८३९ मध्ये फोटोग्राफी जगासमोर आली तेव्हा निवडायला काही नव्हतंच. त्यात त्या काळच्या प्लेटला, म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश टिपणाऱ्या पत्र्याला किंवा काचेला, निळा प्रकाश तेवढा कळायचा, लाल-केशरी जवळपास दिसायचाच नाही. म्हणजे आपला पळस तेव्हा कोणी काढला असता तर फुलं काळी ठिक्कर आणि मागचं निळं आभाळ पांढरं फटक आलं असतं, ढगांचा पत्ताच नाही. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रेनं १८५० च्या दशकात यावर उपाय काढला, समुद्राची एक निगेटिव्ह, आभाळाची दुसरी आणि दोन्ही मिळून एक प्रिंट. आज कोणी आभाळ बदललं की आपण चिडतो, पण ते काम इतकं जुनं आहे.

मग १८७३ मध्ये जर्मनीत हरमान फोगेलला सापडलं की इमल्शनमध्ये, म्हणजे प्लेटवरच्या प्रकाश टिपणाऱ्या थरात, ठराविक रंगद्रव्य टाकलं तर प्लेटला हिरवाही कळतो, आणि १९०६ च्या सुमारास सगळे रंग ओळखणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा बाजारात आल्या. खरा बदल हा. कारण आता लेन्सपुढे लाल काच, म्हणजे फिल्टर, लावली की निळा प्रकाश अडायचा आणि निळं आभाळ गडद व्हायचं. अमेरिकेच्या अॅन्सेल अॅडम्स या फोटोग्राफरनं १९२७ मध्ये तिथल्या योसेमिटीतल्या हाफ डोमचा कडा आधी पिवळ्या फिल्टरनं काढला, मनासारखं होईना म्हणून शेवटची प्लेट लाल फिल्टरनं काढली आणि आभाळ जवळजवळ काळं आलं. आज आपण जे ड्रामॅटिक आभाळ म्हणतो त्याचं घराणं हे.

आता ती काच मोबाईलमध्ये स्लायडर होऊन बसलीय. ब्लॅक अँड व्हाइट करताना केशरीचा स्लायडर वर नेला की पळस उजळतो, खाली नेला की त्या जुन्या प्लेटसारखा काळा पडतो, फोटो तोच. पावसानंतर चिखलदऱ्याहून दिसणारे डोंगर निळसर धुरकट असतात, तिथं निळा खाली ओढला की लांबची रांग साफ दिसायला लागते. मे महिन्यातल्या धुळीला मात्र हा इलाज तितका चालत नाही, धुळीचे कण मोठे, ते सगळेच रंग सारखे पसरवतात, तिथं कितीही ओढा, आभाळ मळकटच राहतं.

टोनचं प्रकरण वेगळं. सेपिया म्हणजे फोटो जुना झाला की येणारा रंग असं लोकांना वाटतं, पण तो मुद्दाम केलेला असायचा. प्रिंटमधल्या चांदीचं सल्फाइड करायचं, ते चांदीपेक्षा टिकाऊ, आणि रंग तपकिरी. सायनोटाइप, म्हणजे निळ्या रंगाचा प्रिंट, जॉन हर्शेलनं १८४२ मध्ये काढला, तो लोखंडाच्या क्षारांचा. म्हणजे मूळ कारण रसायन आणि टिकाऊपणा, मूड नंतर आला. म्हणून कालच्या फोटोला नुसता जुना दाखवायला सेपिया मारणं मला पटत नाही. सावल्यांत थोडा थंड आणि उजेडात थोडा उबदार टोन मात्र हिवाळ्यातल्या सकाळच्या धुक्यात, भंडारा-गोंदियाकडच्या तलावांवर फार छान बसतो, हलका असला तर.

रंग सगळ्यात उशिरा आला. १९०७ मध्ये ल्युमिएर बंधूंची ऑटोक्रोम ही रंगीत प्लेट, ज्यात बटाट्याच्या स्टार्चचे रंगवलेले कण होते, मग १९३५ मध्ये कोडाक्रोम ही रंगीत फिल्म. तरी कितीतरी वर्षं कलेचा फोटो म्हणजे काळापांढरा असंच मानलं जायचं, १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये विल्यम एगलस्टनचे कलर फोटो लागले तेव्हा समीक्षकांनी नाकं मुरडली. आपल्याकडे फोटोग्राफर रघुबीर सिंग तेव्हा ठामपणे रंगातच काम करत होते, भारत रंगाशिवाय दाखवता येत नाही या विश्वासानं, आणि त्यांचं मला बरंचसं पटतं.

बरंचसं, कारण आपल्याकडंच दोन्ही बाजू सापडतात. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळं, त्या फोटोतून रंग काढला तर नुसतं एक तळं उरतं, सांगायचं होतं तेच गेलं. उलट वेचणीच्या दिवसांतलं पऱ्हाटीचं वावर घ्या. काळी माती, फुटलेली बोंडं, बोंडाखाली वाळून वाकडी झालेली पानं, दुपार कलली की प्रत्येक बोंडाची एक बाजू लख्ख आणि दुसरी सावलीत. तिथं रंग मुळातच कमी, सगळं काम उजेड करतो, आणि मधेच धुऱ्यावर कोणाची निळी ताडपत्री पडलेली असली तर कलरमध्ये डोळा सारखा तिकडंच जातो. असा फोटो मी काळापांढराच करते, फक्त पांढरं इतकं नाही उचलत की बोंडातले धागे दिसेनासे होतील.