रोज पाणी घालूनही कुंडी कोरडी का राहते?

मार्च लागला की नर्सरीत दिवसभर एकच तक्रार येते : “रोज पाणी घालतोय की ओ, तरी झाड वाळालंय. कसलं खत देऊ?” गर्दीत उत्तर नीट सांगणं होत नाही, म्हणून हे पत्रक काढलं.

खताचं नंतर बघू. आधी संध्याकाळी कुंडीत तांब्याभर पाणी ओता आणि तिथंच उभं राहून बघा. पाणी मातीत न मुरता कडेनं सरकन खाली गेलं आणि लगेच भोकातून बाहेर आलं, तर मुळांना काहीच मिळालेलं नाही. उन्हानं माती आक्रसते, कुंडीपासून सुटते आणि कडेला फट पडते. रोजचं पाणी त्या फटीतून वाहून जातं. खाली ओल दिसते, आपल्याला वाटतं पाणी झालं.

मागच्या उन्हाळ्यात बेळगावातल्या अनगोळच्या एक काकू जास्वंद घेऊन आल्या. कुंडी आडवी करून मातीचा गोळा काढला. बाहेरून ओला होता, मधे खुरपं मारलं तर धूळ उडाली. पानं पिवळी दिसली म्हणून त्याला तीनदा युरिया घातला होता. तहानलेल्या मुळांवर युरिया पडला की पानांच्या कडा करपतात, आणि झाड जातं ते बहुतेक वेळा यानंच. म्हणून कुंडी बघितल्याशिवाय आम्ही खत देत नाही. काही जणांना त्याचा राग येतो, पण तुमचं झाड जगावं एवढाच त्यात हेतू असतो.

उपाय सोपा आहे. कुंडी पाण्यानं भरलेल्या बादलीत किंवा घमेल्यात ठेवा. बुडबुडे यायचे थांबले की माती आतपर्यंत भिजली. मग बाहेर काढून निथळू द्या, वरचा थर खुरप्यानं हलका करा, फट मातीनं बुजवा. मोठी कुंडी उचलत नसेल तर अर्ध्या तासाच्या अंतरानं तीन-चार वेळा थोडं थोडं पाणी द्या. वर दोन बोटं जाड उसाचं पाचट पसरा, खोडाला मात्र चिकटवू नका. आपल्या भागात पाचट शेताच्या बांधावर पडलेलं असतं, ते विकत घेऊ नका.

बेळगाव सुमारे २५०० फुटांवर, पूर्वी गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे. रात्री गार वारा सुटतो, म्हणून उन्हाळा झाडांना बाधत नाही असं वाटतं. पण गच्चीचा स्लॅब दुपारी तापतो आणि कुंडी खालून भाजते. खाली दोन विटा ठेवल्या तरी मोठा फरक पडतो.

आता मातीबद्दल. बैलहोंगल, सौंदत्तीकडचे लोक शेतातली काळी माती पोत्यानं आणतात. शेतात ती कसदारच आहे, तिथं मुळं खोल जातात. पण दहा इंची कुंडीत ती भिजली की चिकट होते, वाळली की तडकते. खानापूर, जांबोटीकडची तांबडी माती नुसती भरली तर वरून दगडासारखी बसते. आम्ही तांबडी माती, मुरलेलं शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सारख्या भागानं घेतो, कुंडीमागं मूठभर निंबोळी पेंड टाकतो. आमची या मिश्रणाची तयार पिशवी बघून लोक “तुमच्या पिशवीत माती कमीच की,” असं म्हणतात, ते खरं आहे. माती कमी म्हणूनच पाणी आत शिरतं. हे मिश्रण घरीही करता येईल, प्रमाण लपवलेलं नाही. फक्त शेण ताजं नको. ते मुळांना भाजतं आणि त्यातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते. मुरलेलं मिळालं नाही तर तयार पिशवी आमच्याकडं आहेच.

पानं पिवळी दिसली तर कुठली ते बघा. खालची जुनी पिवळी पडली तर नत्र कमी पडतंय, शेणखत द्या. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाहीये. काळ्या मातीतला चुना आणि बोअरचं जड पाणी यानं तसं होतं, तिथं युरियाचा उपयोग नाही. अशा वेळी पान घेऊन या, लागेल ते देऊ.

मेथी-कोथिंबीर उन्हात लवकर फुलावर जाते, तिच्या मागं लागू नका. भेंडी, गवार, चवळी, दोडका लावा.

वळवाचा पाऊस झाला की कुंड्यांखालच्या ताटल्या त्याच दिवशी काढा, साचलेल्या पाण्यात मुळं कुजतात.

आणि एक विनंती. नेलेलं झाड आठ दिवसांत वाळलं तर बदलून मागता, आम्ही देतोही, पण मातीचा गोळा बघून. उपटून नुसतं खोड आणलं तर काय चुकलं ते आम्हालाही कळत नाही. कुंडीसकट आणा. जड असेल तर वरच्या मातीचा आणि कडेच्या फटीचा फोटो मोबाईलवर काढून आणा, नुसत्या पानाचा नको.