कलिंगडाच्या प्लॉटमध्ये मधमाशीपेटी कधी ठेवाल?

शेतकरी बंधू-भगिनींनो,

कलिंगडाचे मादी फूल सकाळी उमलते, दुपारनंतर मिटते आणि पुन्हा उघडत नाही. नर फुलातले पराग तेवढ्याच वेळात त्याच्यापर्यंत पोहोचायला हवेत. पराग चिकट असतात, वाऱ्याने जात नाहीत, मधमाशीच लागते. मादी फुलाच्या कुक्षीचे (पराग झेलणाऱ्या टोकाचे) तीन भाग असतात. तिन्हींवर भरपूर पराग पडले तर फळ सगळीकडून सारखे भरते. एकाच बाजूला पडले तर ते वाकडे होते, आणि व्यापारी नेमके तेच बाजूला काढतो. त्यासाठी एकेका फुलावर माश्यांच्या अनेक फेऱ्या व्हाव्या लागतात. परागच कमी पडले तर फुलामागची गाठ पिवळी पडून गळते. तिथे खताचा डोस वाढवून काही होत नाही.

वेलीवर आधी नर फुले येतात आणि गळून जातात. ही गळ नैसर्गिक आहे, तिच्यासाठी टॉनिकवर पैसे घालवू नका. मादी फुले दिसू लागली की आम्हा पेट्या पुरवणाऱ्यांना फोन करा आणि क्रॉप कव्हर (वेलींवरचे कापडी आच्छादन) काढा. पेट्या फार आधी आणल्या तर माश्या शेजारच्या फुलोऱ्याला लागतात.

एकरी 1 ते 2 पेट्या पुरतात. आम्ही त्या रात्री आणून ठेवतो. जागा बांधावरची, सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी असावी. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, मुंग्या चढत नाहीत. ठेवलेली पेटी चार-पाच फूटही सरकवू नका, माश्या जुन्या जागीच घुटमळतात.

फवारणीबाबत मात्र आमचा आग्रह आहे. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, फिप्रोनिल ही कीटकनाशके फुलोऱ्यात नकोच. ड्रिपमधून आधी सोडलेले इमिडाक्लोप्रिडही फुलांच्या मकरंदात उतरते, म्हणून बुकिंग करतानाच आधीच्या फवारण्या आणि ड्रिपमधली औषधे आम्हाला सांगा. बुरशीनाशक मारायचे तर सूर्यास्तानंतर. शेजारच्या शेतकऱ्यांनाही कल्पना द्या, माशी बांध ओळखत नाही.

हिमाचलातले सफरचंद बागायतदार फुलोऱ्यात पेट्या भाड्याने घेतात आणि बागेत परागासाठी दुसऱ्या वाणाची झाडेही ठेवतात. बिनबियांचे कलिंगड लावणार असाल तर तुम्हालाही हेच करावे लागेल. त्याचे स्वतःचे पराग निकामी असतात; मधूनमधून बियांच्या वाणाच्या ओळी हव्यातच.

हवी तेवढी फळे लिंबाएवढी झाली की कळवा, पेट्या रात्री उचलून नेऊ. तोवर पेटी उघडू नका, आतला मध माश्यांचे खाणे आहे.