मॉडेल डिझेल इंजिनांचे दिवे: हेडलाईट, मार्कर आणि फ्लॅशरच्या वादाची पार्श्वभूमी

पुण्यात एचओ स्केलवर, म्हणजे खऱ्याच्या १:८७ आकारात, मॉडेल डिझेल इंजिनं चालवणाऱ्या मंडळींमध्ये सध्या परत तोच वाद रंगलाय, मॉडेलवरचा पिवळा फ्लॅशर, म्हणजे खऱ्या इंजिनावरचा धोक्याचा इशारा देणारा दिवा, गाडी धावताना लुकलुकत ठेवायचा की बंद. नवीन लोकांना वाटतं एवढ्याशा दिव्यावरून एवढं काय, पण हे दिवे मॉडेलवर कुठून आणि कसे आले ते बघितलं की वाद का पेटतो ते कळतं.

जुना काळ पटकन सांगतो. १२ व्होल्ट डीसीवर चालणाऱ्या मॉडेलमध्ये रुळातून येणारा करंट मोटरलाही तोच आणि दिव्यालाही तोच, त्यामुळे गाडी हळू झाली की दिवा मंद आणि थांबली की काळोख. खरं इंजिन रात्री होम सिग्नलला उभं राहतं तेव्हा त्याचे दिवे काय विझत नाहीत. मग लोकांनी मोटरच्या लाईनमध्ये डायोड टाकायला सुरुवात केली, दोन डायोडवर साधारण १.४ व्होल्ट पडतात आणि तेवढ्यावर दीड व्होल्टचा बारीक बल्ब जवळपास एकसारखा जळतो, वर पोलॅरिटी उलटली की पुढचा दिवा जाऊन मागचा लागतो हेही जमलं. पण बल्ब तापायचा, आणि प्लॅस्टिकच्या बॉडीला चिकटून बसवला की नाकाडावर फोड यायचा. लुकलुकणाऱ्या दिव्यासाठी ५५५ टायमर होता, १९७२ ला बाजारात आलेली ही चिप आजही तपकीर गल्लीत मिळते, एक कपॅसिटर आणि दोन रेझिस्टर जोडले की काम झालं.

खरा बदल नव्वदच्या दशकात झाला, आणि एकदम दोन बाजूंनी. एकीकडे पांढरा एलईडी आला. दुसरीकडे अमेरिकेतल्या मॉडेलवाल्यांच्या संघटनेनं एका जर्मन कंपनीच्या पद्धतीवरून डीसीसीचं स्टँडर्ड ठरवलं, म्हणजे रुळात कायम पूर्ण व्होल्टेज आणि इंजिनात बसलेला डिकोडर ठरवणार मोटरला किती द्यायचं आणि कुठला दिवा लावायचा. निळी वायर सगळ्या दिव्यांची कॉमन प्लस, पांढरी पुढचा हेडलाईट, पिवळी मागचा, हिरवी आणि जांभळी जादा फंक्शनला. एलईडीला १ किलोओहमचा रेझिस्टर लावायचा, विसरलात तर एलईडी गेलाच समजा.

एलईडीचा एक त्रास मात्र अजून संपलेला नाही. आपल्या रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाचं मूळ अमेरिकन अल्को कंपनीचं, पहिली इंजिनं १९६२ ला आयात झाली आणि १९६४ पासून वाराणसीला बनायला लागली, त्या काळचा हेडलाईट फिलॅमेंटचा, पिवळसर उजेडाचा. त्या मॉडेलवर निळसर पांढरा एलईडी लावला की ते इंजिन त्या काळातलं राहतच नाही, वॉर्म व्हाईटच हवा. शिवाय साईझ बघा, ३ मिलिमीटरचा एलईडी १:८७ ला खऱ्या इंजिनावरचा २६ सेंटिमीटरचा दिवा होतो, कपाळावर नुसता डोळा दिसतो. ०६०३ चा एसएमडी, म्हणजे अगदी बारीक चपटा एलईडी, १.६ बाय ०.८ मिलिमीटरचा असतो, नंतरच्या ट्विन बीम हेडलाईटसाठी असे दोन शेजारी शेजारी बसवून पुढे स्वच्छ इपॉक्सीचा थेंब सोडला की लेन्स तयार, आणि मागून काळा रंग दोन हात मारायचा, नाहीतर अख्खं हूड, म्हणजे इंजिनाचं नाकाड, कंदिलासारखं उजळतं.

आता मुख्य मुद्दा. डिकोडर अमेरिकेच्या बाजारासाठी बनले, त्यामुळे त्यात तयार भरलेले इफेक्टही तिकडचेच. तिकडे १९३० च्या दशकापासून मार्स लाईट होता, ज्याचा झोत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरायचा, पुढे केबिनच्या छपरावर फिरता पिवळा बीकन आला, झेनॉन स्ट्रोब आले, आणि १९९७ च्या अखेरीपर्यंत लेव्हल क्रॉसिंगवरून ताशी २० मैलांपेक्षा जास्त वेगाने जाणाऱ्या इंजिनांना खाली दोन जादा दिवे, म्हणजे डिच लाईट किंवा तशीच सोय, सक्तीची झाली. या सगळ्यांचा उद्देश एकच, फाटकावरच्या मोटारवाल्याला दिसलं पाहिजे की गाडी येतेय. म्हणून ते दिवे चालत्या गाडीवरच लागतात.

आपल्या फ्लॅशरचं काम बरोब्बर उलटं आहे. तो मोटारवाल्यासाठी नाही, समोरून शेजारच्या लाईनवर येणाऱ्या लोको पायलटसाठी आहे. डबल लाईनवर एक गाडी घसरली, तुटली किंवा अचानक थांबली तर तिचे डबे शेजारच्या रुळावर आडवे पडलेले असू शकतात, आणि तिकडून दुसरी गाडी सुसाट येत असते. तेव्हा पहिलं काम फ्लॅशर चालू करणं. त्यानंतर मग माणूस चालत जाऊन रुळावर इशाऱ्याचे फटाके लावणार, ब्रॉडगेजला ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर दहा दहा मीटरच्या अंतराने तीन, पण चालत जायला वेळ लागतो, फ्लॅशर एका बटणाचं काम. तो दिसला की येणाऱ्याने गाडी थांबवायची, आपली लाईन मोकळी आहे का बघायचं आणि मगच पुढे जायचं. नंतरच्या इंजिनांमध्ये तर गाडी तुटून ब्रेक पाईपचं प्रेशर पडलं की फ्लॅशर आपोआप सुरू व्हायची सोय आली. पुणे-लोणावळा किंवा पुणे-दौंड पट्ट्यात हे किती महत्त्वाचं आहे ते रोजच्या गाड्यांची गर्दी बघणाऱ्याला सांगायला नको.

मग मॉडेलवर काय झालं, तर बरीच वर्षं आपल्या इंजिनांची तयार मॉडेलं नव्हतीच, कुणी स्टायरीनची (प्लॅस्टिकची) शीट कापून बॉडी केली, कुणी अमेरिकन मॉडेलची कापाकापी केली, आणि आत तिकडचाच डिकोडर. त्यात रोटरी बीकन नावाचा इफेक्ट सापडला, फ्लॅशरचा एलईडी त्याला जोडला, दिसायला छान दिसतो, सुरूच राहू द्या. डब्ल्यूडीजी-४ या मालगाडीच्या इंजिनाच्या बाबतीत तर अजून गोंधळ, १९९९ पासून आलेलं हे इंजिन ईएमडी या अमेरिकन कंपनीचं असल्यामुळे कुणीतरी त्याला आळीपाळीने लुकलुकणारे डिच लाईटही लावून मोकळे झाले.

चालू ठेवा म्हणणाऱ्यांची बाजू अशी, की प्रदर्शनात येणारी पोरं लुकलुकणाऱ्या दिव्यापाशीच थांबतात, आणि पुण्यात लोकांना छोटी रेल्वे दाखवायची चांगली परंपरा आहे, कर्वे रोडजवळचं मिनिएचर रेल्वे म्युझियम १९९८ पासून आहे. दिवा बसवण्यात एवढी मेहनत घेतली तर तो दिसायला नको का, हेही ते म्हणतात. मेहनतीबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण फ्लॅशर लावून बिनधास्त धावणारी गाडी बघितली की ज्याने घोरपडीच्या इंजिन शेडमध्ये किंवा लाईनवर आयुष्य काढलंय तो माणूस दचकतो, कारण त्या दिव्याचा त्याला एकच अर्थ माहीत आहे, काहीतरी वाईट झालंय, थांब. हेडलाईटचा रंग चुकला तर मॉडेल थोडं खोटं दिसतं, फ्लॅशर चुकला तर ते चुकीचं बोलतं. माझ्या मते हा दिवा वेगळ्या फंक्शनवरच हवा, आणि पॉवर दिल्यावर बंदच असायला हवा. पोरांना दाखवायचंच असेल तर लेआउटवर मुद्दाम एक गाडी मधेच उभी करा, फ्लॅशर लावा, शेजारची गाडी अलीकडे थांबवून दाखवा, पोरं त्याने जास्त खूश होतात.

या वादात मार्कर लाईटकडे, म्हणजे इंजिनाच्या दोन्ही टोकांच्या छोट्या दिव्यांकडे, कुणाचं लक्षच जात नाही. हेडलाईट वाटेत बंद पडला तर मार्करवर, शिट्टी देत देत, ताशी ४० किलोमीटरच्या आत गाडी न्यायची हा खरा नियम, आणि मॉडेलवर एका फंक्शनने हे सहज दाखवता येतं. एकटं इंजिन शेडकडे चाललं असेल तर मागचे मार्कर लाल, पण मागे डबे जोडले की ते लाल बंद, कारण मग शेवटच्या डब्याचा लुकलुकता टेल लॅम्प ते काम करतो. साध्या डायरेक्शनच्या वायरिंगमध्ये मागचा लाल आपोआप लागतो आणि इंजिन आणि पहिल्या डब्याच्या मधे लाल उजेड पडतो, रात्रीच्या सीनमध्ये तर फारच खटकतं. हल्लीच्या डिकोडरमध्ये लाल दिवा वेगळ्या फंक्शनवर टाकता येतो, आणि काहींमध्ये फ्लॅशर गाडी उभी असतानाच लागेल असं मॅपिंगही करता येतं. लाँग हूड, म्हणजे इंजिनाची लांब नाकाडाची बाजू, पुढे करून चालवणार असाल तर सगळ्यात आधी पांढरी आणि पिवळी वायर नेमकी कुठल्या टोकाला गेलीय ते बघून घ्या, आपली डब्ल्यूडीएम-२ दोन्ही बाजूंनी धावायची.