४ जीबीत ५ जीबींचा संसार

नागपूरच्या सीताबर्डीतल्या संगणकांच्या दुकानांत क्रोमबुकची, म्हणजे गूगलच्या क्रोमओएस या प्रणालीवर चालणाऱ्या लॅपटॉपची, चौकशी केली की ‘४ जीबी रॅममध्ये आजकाल काय होते?’ हा प्रश्न हमखास ऐकू येतो. शंका निराधार नाही, कारण ब्राउझरला मेमरी भरपूर लागते. पण रॅमचा आकडा म्हणजेच यंत्राची कुवत, असे मानले की आत चालणारी एक अतिशय सुंदर प्रक्रिया नजरेआड होते. तिचे नाव झेडरॅम.

क्रोमओएस लिनक्सच्या गाभ्यावर उभी आहे आणि तिच्यात रॅमचा हिशेब सामान्यतः ४०९६ बाइटांच्या ‘पानांत’, म्हणजे सारख्या तुकड्यांत, ठेवला जातो. रॅम भरत आली की बराच वेळ न लागलेली पाने डिस्कवर हलवायची, ही जुनी पद्धत. डिस्क रॅमपेक्षा कितीतरी मंद असल्यामुळे ती पाने परत येईपर्यंत आपण ताटकळत बसतो. झेडरॅम ती पाने बाहेर न पाठवता रॅममध्येच आवळून ठेवते. ही युक्ती अब्राहम लेम्पेल आणि याकोब झिव यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या कल्पनेच्या कुळातली आहे. ‘सीताबर्डीहून रामटेक, रामटेकहून सीताबर्डी’ या ओळीत दुसऱ्यांदा आलेली नावे पुन्हा लिहिण्याऐवजी ‘इतकी अक्षरे मागे जा, तिथून इतकी उचल’ एवढीच खूण ठेवली, तरी मूळ ओळ एक अक्षरही न गमावता परत मिळते. वेबपानांचा मजकूर आणि त्यांचा प्रोग्राम यांत अशी पुनरावृत्ती विपुल असते. रॅमचे एखादे पान नुसत्या शून्यांनी भरलेले असेल, तर त्याला जवळजवळ जागाच लागत नाही. उलट, आधीच आवळलेल्या व्हिडिओतून फारसे काही वाचत नाही. समजा, २ जीबींची पाने १ जीबीत बसली, तर उरलेल्या ३ जीबींसह ४ जीबींच्या यंत्रात एकूण ५ जीबी सामावतात.

‘रॅम साफ करणारी’ एक्स्टेंशने, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम, मात्र टाकू नयेत. प्रत्येक एक्स्टेंशन स्वतःच मेमरी खाते, आणि रिकामी पडून राहिलेली रॅम कोणाच्याच उपयोगाची नसते.

झेडरॅमच्या या आवळण्याची किंमत प्रोसेसर मोजतो, आणि नागपूरकरांसाठी खरा मुद्दा इथेच आहे. अनेक क्रोमबुकांत पंखा नसतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना असे यंत्र गादीवर ठेवून वापरले, तर तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, पाने आवळणे आणि उलगडणे रेंगाळते, आणि आपण दोष रॅमला देतो. म्हणून यंत्र लाकडी पाटावर किंवा टेबलावर ठेवावे. प्ले स्टोअरची ॲप्स लागत नसतील तर ती सोय बंद करावी, न वापरलेल्या टॅबची मेमरी मोकळी करणारा ब्राउझरचा मेमरी सेव्हर चालू ठेवावा आणि वेग मंदावला की सर्च व एस्केप ही बटणे एकत्र दाबावीत. टास्क मॅनेजर उघडतो, आणि त्यात मेमरीच्या रकान्यावर टिचकी मारली की सर्वांत जास्त जागा अडवणारा टॅब कोणता ते दिसते.