नान्नजचा माळ आणि वाघरीतली मेंढरं

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर नान्नज येतं. द्राक्षवाल्यांना हे गाव 'सोनाका'मुळे ठाऊक. सोलापूर, नान्नज आणि हे वाण देणारे नानासाहेब काळे, या तिघांची आद्याक्षरं जोडून झालेलं नाव. पक्षिवेड्यांना ते माळढोकामुळे ठाऊक. या दोन ओळखींचं आपसात फारसं पटलेलं नाही.

माळढोक उंचीला मीटरभर, नराचं वजन 15 किलोपर्यंत. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरं, ज्वारीचे दाणे असं काहीही या पक्ष्याला चालतं. म्हणजे कोरडवाहू शेत त्याला परकं नाही. पण लांबवर नजर जायला हवी, आणि ऊस किंवा द्राक्षाचा मांडव आला की तीच अडते.

1979 साली इथं अभयारण्य झालं, तब्बल 8,496 चौरस किलोमीटरचं. गावं, शेतं, वस्त्या सगळ्या आत. जमिनीचे व्यवहार अडकले आणि लेकीच्या लग्नासाठी एकर विकू पाहणाऱ्याला माळढोक म्हणजे साडेसाती वाटू लागली. पुढे क्षेत्र सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आलं, पण मनातली अढी नकाशाबरोबर पुसली जात नाही. आज देशात हे पक्षी जेमतेम दीडशेच्या आसपास, बहुतेक राजस्थानात. नान्नजला तो दिसला तर बातमी होते.

लोकांना रोजगार द्या म्हणजे वन्यजीव वाचतील, हे सूत्र सगळीकडे सांगितलं जातं. केरळात पेरियारला ते जमलं. जंगली दालचिनीची साल चोरून विकणारेच तिथं पर्यटकांचे वाटाडे आणि जंगलाचे राखणदार झाले, कारण जंगल उभं राहिलं तरच त्यांची चूल पेटणार होती. नुसती शिलाई मशीनं वाटून हे होत नाही. कमाईचा धागा त्या जंगलाशी बांधलेला हवा. गॅस शेगड्यांचंही तसंच. जिथं सरपणासाठी झाडं तुटतात तिथं त्या उपयोगी, पण माळाचं दुखणं लाकूडतोड नाहीच.

माळाशी जोडलेला धंदा इथं आधीपासून आहे, मेंढपाळाचा. धनगर वाडा, म्हणजे बिऱ्हाड आणि कळप, घेऊन फिरतो आणि रात्री वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून शेतात मेंढरं बसवतो. शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं, धनगराला धान्य किंवा पैसे. एका जागी फार दिवस चारलं तर माळ उजाड होतो, हे खरंच. पण कळप फिरता राहिला तर कुसळी गवत आटोक्यात राहतं, लेंड्यांवर शेणकिडे पोसतात आणि किड्यांवर पक्षी.

आणि लांडगा. या माळांवर त्याच्या आहारात शेळ्या-मेंढ्यांचा वाटा मोठा आहे. पहाटे कोकरू गेलं की नुकसानभरपाईसाठी पंचनामा हवा. त्यासाठी वाट पाहत बसणं फिरत्या माणसाला कुठलं परवडणार? वनखात्याचा कर्मचारी येईपर्यंत वाडा पुढच्या शिवारात गेलेला असतो.

शेजारी इंदापूर-बारामतीच्या माळांवर आता गवताळ सफारी चालते. जीपमधले लोक लांडगा, खोकड, चिंकारा बघायला येतात. उत्पन्न स्थानिक गावाला मिळावं, ही कल्पना उत्तमच. फक्त ज्याच्या मेंढरांवर तो लांडगा पोसला, तो त्या गावच्या मतदारयादीत नसतो.