रोगकारक जीवाणूंची जीनोम-तुलना

जवळच्या नात्यातल्या दोन जीवाणूंपैकी एक आजार आणतो आणि दुसरा आणत नाही, तेव्हा दोघांचे जीनोम (संपूर्ण जनुकसंच) शेजारी मांडून उग्रतेची (आजार घडवण्याच्या ताकदीची) जनुके हुडकण्याची पद्धत.

तिचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या दंडावरच आहे: क्षयरोगावरची बीसीजी लस. काल्मेत आणि गेरँ या फ्रेंच संशोधकांनी १९०८ पासून फ्रान्समधील लील येथे गाईगुरांचा क्षयजंतू पित्त व ग्लिसरीन घातलेल्या बटाट्यावर वाढवला. १३ वर्षांत २३० वेळा तो नव्या बटाट्यावर लावला गेला, आणि त्याची उग्रता ओसरली. १९२१ मध्ये ही लस पहिल्यांदा माणसाला दिली गेली. जंतूने नेमके काय गमावले, हे मात्र पुढची कित्येक दशके कोडेच राहिले.

१९९६ मध्ये बीसीजी आणि उग्र क्षयजंतू यांच्या डीएनएची वजाबाकी केल्यावर, म्हणजे दोघांतला समान भाग वगळल्यावर, बीसीजीतून गहाळ झालेले काही तुकडे सापडले. १९९८ मध्ये एच३७आरव्ही या क्षयजंतूच्या उग्र वाणाचा सुमारे ४४ लाख अक्षरांचा (डीएनएच्या घटकांचा) जीनोम प्रसिद्ध झाला आणि तुलनेला भक्कम आधार मिळाला. ‘आरडी-१’ हा सुमारे साडेनऊ हजार अक्षरांचा तुकडा बीसीजीच्या झाडून साऱ्या वाणांत नाही. ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही प्रथिने घडवणारी जनुके त्यातच आहेत.

पण गहाळ असणे हा केवळ संशय; पुरावा प्रयोगशाळेतच मिळतो. २००२ मध्ये आरडी-१ बीसीजीत परत घातला, तेव्हा ती दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या उंदरांत जोमाने वाढली, तरी क्षयजंतूइतकी घातक झाली नाही. २००३ मध्ये उलट बाजूने, क्षयजंतूतून तो काढल्यावर जंतू मवाळ झाला. म्हणजे आरडी-१ महत्त्वाचा, पण एकटा पुरेसा नाही.

नुसती गहाळ जनुके मोजली की फसगतही होते. एच३७आरए हा एच३७आरव्हीचा मवाळ भाऊ. त्याच्यात आरडी-१ शाबूत आहे. मात्र ‘फॉप’ या नियंत्रक (इतर जनुकांचे काम चालू-बंद करणाऱ्या) जनुकातले एक अक्षर बदलले आहे, आणि तेवढ्याने ईसॅट-६ जंतूबाहेर टाकले जाण्याची क्रिया अडते.

या तुलनेचा उपयोग निदानातही होतो. ट्युबरक्युलिन ही क्षयाच्या संसर्गासाठीची जुनी त्वचाचाचणी बीसीजी घेतलेल्या निरोगी माणसातही होकारार्थी येऊ शकते. आरडी-१ मधली ही दोन प्रथिने बीसीजीत नसल्याने त्यांवर बेतलेल्या चाचण्यांत हा घोटाळा होत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सी-वाय टीबी’ ही त्वचाचाचणी त्यांपैकीच एक.